आधी पंचा, मग पाटी

शिक्षिका व्हायचं म्हणजे काय शिकायचं, याचं उत्तर इंग्लंडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ ठरून गेलेलं होतं. इतिहास, भूगोल, गणित, फळ्यावरचं वळणदार अक्षर, थोडं शिवण, थोडं गाणं आणि साठ-साठ मुलांच्या वर्गाला गप्प बसवण्याची हातोटी. एवढं आलं की झाली शिक्षिका. लंडनच्या आग्नेय भागात, थेम्सच्या काठी डेप्टफर्ड नावाची गोदी कामगारांची वस्ती होती. तिथं एक प्रौढ बाई मात्र शिक्षिका व्हायला आलेल्या मुलींच्या हाती खडू देण्याआधी पंचा, साबण आणि फणी देत होती. पाच वर्षांच्या आतली पोरं आंघोळीला न्यायची, त्यांचे केस विंचरायचे, कान बघायचे, त्यांना भरवायचं, दुपारी झोपवायचं. पुस्तकं त्यानंतर. चांगल्या घरातल्या, शाळा पुऱ्या केलेल्या या मुली पहिल्या आठवड्यात नक्कीच गोंधळून जात असतील. आपण मास्तरीण व्हायला आलो की आया व्हायला, असा प्रश्न त्यांना पडला असेल, तर त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्या बाईचं नाव मार्गारेट मॅकमिलन. बालशिक्षणाच्या इतिहासात मारिया माँटेसरींच्या जोडीनं घेतलं जाणारं हे नाव आपल्याकडे मात्र शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरतं उरलं आहे. त्या परिच्छेदात बहुधा तिची मोकळ्या हवेतली बालशाळा असते. तिनं शिक्षिकांना काय आणि का शिकवलं, हे त्यात क्वचितच असतं, आणि माझ्या मते तिच्या आयुष्याचा गाभा तिथंच आहे.

मार्गारेटचा जन्म 1860 च्या जुलैत अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ झाला. आईवडील स्कॉटलंडचे, नशीब काढायला समुद्रापार गेलेले. रेचल ही तिची थोरली बहीण, जेमतेम सव्वा वर्षानं मोठी. त्या दोघींच्या पाठीवर आणखी एक बहीण होती, एलिझाबेथ. 1865 च्या उन्हाळ्यात स्कार्लेट फीवरची साथ आली. या तापानं एकाच महिन्यात वडील गेले, धाकटी एलिझाबेथ गेली. पाच वर्षांची मार्गारेट वाचली, पण तिचे कान गेले. आई दोन मुलींना घेऊन स्कॉटलंडला, इन्व्हर्नेसला आपल्या माहेरी परतली. चौदाव्या वर्षापर्यंत मार्गारेटला ऐकू येत नव्हतं. मग ते हळूहळू परत आलं. शाळेत जायच्या वयात ज्या मुलीला बाईंचा आवाजच ऐकू येत नव्हता, तिनं पुढं आयुष्यभर मुलांचे कान, नाक आणि घसे तपासायचा ध्यास घेतला. या दोन गोष्टींचा संबंध मी कादंबरीकार आहे म्हणून जोडतो आहे असं कुणी म्हणेल. पण तो जोडल्यावाचून राहवत नाही.

आई 1877 मध्ये वारली. मार्गारेट शिकायला जर्मनीत फ्रँकफर्टला गेली, मग स्वित्झर्लंडमध्ये भाषा शिकली, श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवणारी गव्हर्नेस झाली. रेचल मात्र इन्व्हर्नेसलाच राहिली, आजारी आजीची सेवा करत. अकरा वर्षं. थोरल्या लेकीच्या वाट्याला येणारं हे काम तिकडं काय आणि इकडं काय, सारखंच. आजी गेल्यावर 1888 मध्ये रेचल लंडनला आली. येताना ती एक नवा विचार घेऊन आली होती. एडिंबरोत तिची समाजवाद्यांशी गाठ पडली होती. गरिबी ही देवाची करणी नाही, माणसांची आहे, हे तिला पटलं होतं, आणि मार्गारेटलाही तिनंच ते पटवलं. पुढं सगळं नाव मार्गारेटचं झालं, भाषणं तिनं केली, पुस्तकं तिनं लिहिली. पण विचाराची पहिली ठिणगी थोरलीची होती.

लंडनमध्ये रेचल कष्टकरी मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करू लागली. मार्गारेटची तऱ्हा वेगळी. लेडी म्यू नावाची एक अतिश्रीमंत, लहरी बाई होती, बिअरच्या कारखानदाराची बायको. तिनं मार्गारेटला पगारी सोबतीण म्हणून ठेवलं आणि तिला नटी करायचं मनावर घेतलं. आवाज, उच्चार, श्वास, रंगमंचावर उभं राहणं, सगळ्याचं शिक्षण तिच्या पैशानं झालं. इकडे पार्क लेनच्या महालात हे धडे, तिकडे रिकाम्या वेळी गोदी कामगारांच्या सभा. 1892 मध्ये मे दिनाला मार्गारेट हाइड पार्कात कामगारांसमोर बोलली आणि बाईसाहेबांशी तिचं फाटलं. नोकरी गेली, महाल गेला. आवाज मात्र तिच्यापाशीच राहिला. पुढची चाळीस वर्षं तिनं तो दुसऱ्याच कामाला लावला.

त्याच वर्षाअखेर दोघी बहिणी ब्रॅडफर्डला गेल्या. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. आपल्या गिरणगावाची आठवण यावी असं. धुरांडी, भोंगे, चाळी. अकरा-बारा वर्षांची पोरं अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत असायची. कायद्यानंच तशी मुभा होती. गिरणीतून आलेलं पोर दुपारी बाकावर पेंगायचं. 1894 मध्ये मार्गारेट मजूर पक्षाच्या वतीनं तिथल्या स्कूल बोर्डावर निवडून आली. तेव्हा बायकांना पार्लमेंटसाठी मत नव्हतं, पण स्कूल बोर्डाला उभं राहता येत होतं.

बोर्डाचे सभासद शाळा बघायला जात तेव्हा ते हजेरीपट आणि पाढे बघत. मार्गारेट मुलं बघू लागली. तिच्याबरोबर होते डॉक्टर जेम्स केर, शाळांसाठी नेमलेल्या इंग्लंडातल्या अगदी पहिल्या डॉक्टरांपैकी एक. जे दिसलं ते भयंकर होतं. थंडी सुरू झाली की पोरांच्या अंगावर कपडे शिवूनच टाकायचे, ते थेट उन्हाळ्यात उसवायचे, अशी रीत कितीतरी घरांत होती. महिनोन्‌महिने अंगाला पाणी नाही. डोक्यात उवा, कानात पू, दात किडलेले, नाकामागच्या गाठी वाढल्यामुळं तोंड उघडं टाकून श्वास घेणारी मुलं. बाईंच्या शेऱ्यात हीच मुलं मठ्ठ आणि आळशी ठरत. ज्या मुलाला ऐकूच येत नाही ते लक्ष देत नाही म्हणून छडी खातं, हे मार्गारेटला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिनं शाळेत स्नानगृह मागितलं. बोर्डावर हसं झालं असणार. करदात्यांच्या पैशानं पोरांना न्हाऊ घालायचं? तरीही 1897 मध्ये वॉपिंग शाळेत ते उभं राहिलं. शाळेच्या इमारतीतलं असं देशातलं ते पहिलं. जेवणाचाही प्रश्न तिनं लावून धरला. भुकेल्या पोराला शिकवणं म्हणजे सरकारचाच पैसा वाया घालवणं, हा तिचा युक्तिवाद. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला तो चटकन कळतो. इमारतीवर, पगारावर, पुस्तकांवर खर्च करायचा आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो पोटात काही नसल्यामुळं काहीच घेऊ शकत नाही. हे बुडीत कर्जच की. ब्रॅडफर्डच्याच फ्रेड जोवेट यांनी तो प्रश्न पुढं पार्लमेंटात नेला. 1906 मध्ये शाळेत जेवण देण्याची मुभा देणारा कायदा झाला आणि 1907 मध्ये शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा.

पण तोवर मार्गारेटचं ब्रॅडफर्ड सुटलं होतं. 1902 च्या कायद्यानं स्कूल बोर्डंच मोडीत काढली आणि शिक्षण ज्या कौन्सिलांकडे दिलं, त्यांवर बायकांना निवडून येता येत नव्हतं. एका सहीनं तिची आठ वर्षांची जागा गेली. ती रेचलकडे, ब्रॉम्लीला राहायला आली.

रेचल तेव्हा काय करत होती? इथं आपल्या विषयाचं दुसरं टोक येतं. रेचलनं सॅनिटरी इन्स्पेक्टरचं शिक्षण घेतलं होतं आणि 1896 पासून ती केंट परगण्यात आरोग्याची फिरती शिक्षिका होती. गावोगाव जायचं, बायकांना, मुलींना, शाळेतल्या मास्तरणींना हवा, पाणी, अन्न, स्वच्छता यांवर धडे द्यायचे. सरकारी नोकरी, ठरलेला पगार, आणि दोघींच्या संसाराला त्याचाच मोठा आधार. रेचल बोलायची कमी, बघायची जास्त. तिला वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसत राहिली असली पाहिजे. ऐकणाऱ्यांना धडा पाठ होतो, परीक्षेत उत्तर बरोबर येतं, आणि घरी खिडकी बंदची बंदच राहते.

तसं बघितलं तर ही तक्रार जुनी आणि सगळ्या देशांची आहे. मी तालुक्याच्या गावी शाखेत असताना आमच्याकडे डी.एड.च्या मुली फी भरायला, शिष्यवृत्तीची खाती उघडायला येत. परीक्षेच्या हंगामात एके दिवशी रांगेतली एक मुलगी चक्कर येऊन खालीच बसली. कॅशियरनं चहा-बिस्किटं मागवली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आदल्या रात्री जागरण. हातात वही होती. त्या दिवशी पेपर कसला, तर आरोग्यशिक्षणाचा. समतोल आहाराचा तक्ता तिच्या वहीत रंगीत पेन्सिलींनी इतका सुरेख काढलेला होता की आम्ही तो सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. मुलगी हुशार होती, पुढं चांगली शिक्षिका झालीही असेल. तक्त्यात तिची काही चूक नव्हती. तक्ता आणि तिचं स्वतःचं ताट यांची गाठ घालून द्यायला मात्र तिथं कुणी नव्हतं.

मार्गारेट आणि रेचल यांनी ही गाठ घालायला घेतली. पण एकदम नव्हे. आधी त्या दवाखान्याकडे वळल्या. 1907 च्या कायद्यानं तपासणी सक्तीची केली होती, उपचार नाही. म्हणजे मुलाचे दात किडलेत हे कागदावर लिहायचं आणि मुलाला घरी धाडायचं! 1908 मध्ये लंडनच्या बो भागात दोघींनी शाळकरी मुलांसाठी दवाखाना काढला. पैसे दिले जोसेफ फेल्स या अमेरिकन कारखानदारानं. त्याचा कारखाना साबणाचा होता. योगायोग असा जुळून यावा! 1910 मध्ये दवाखाना डेप्टफर्डला आला. डोळे, कान, दात, डोक्यातलं गजकर्ण यांवर उपचार होऊ लागले. मुलं बरी होऊन जात आणि काही आठवड्यांनी तेच डोळे, तेच कान घेऊन परत येत. औषध चालू होतं आणि रोगाचं घरही चालू होतं. एका खोलीत सात-आठ माणसं, ऊन नाही, वारा नाही.

मग 1911 मध्ये रात्रीची छावणी निघाली. वस्तीतल्या मुलींनी संध्याकाळी यायचं, गरम पाण्यानं आंघोळ करायची, मोकळ्या हवेत झोपायचं आणि सकाळी खाऊनपिऊन शाळेत जायचं. मुलग्यांची छावणी एका चर्चच्या आवारात, थडग्यांच्या शेजारी मांडली होती, ती फार टिकली नाही. मुलींची टिकली, आणि त्या तरारल्या. पण सहा-सात वर्षांची होईपर्यंत मुलांच्या पायांची हाडं मुडदुसानं वाकून गेलेली असत. सुरुवात त्याच्या आधी करायला हवी होती. म्हणून 1914 च्या मार्चमध्ये अगदी लहानग्यांसाठी मोकळ्या हवेतली बालशाळा सुरू झाली.

जागा होती द स्टोवेज नावाची, लंडन कौंटी कौन्सिलकडून नाममात्र भाड्यानं मिळालेली. आपल्या वाचकांना या नावात रस वाटेल. ईस्ट इंडिया कंपनीनं सतराव्या शतकात आपली गलबतं डेप्टफर्डला बांधली, त्या कंपनीच्या गोदामांवरून या गल्लीला हे नाव पडलं. हिंदुस्थानाकडे निघालेला आणि तिथून आलेला माल जिथं रचला जाई, तिथल्या रिकाम्या जागेत तीनशे वर्षांनी गोदी कामगारांची पोरं वाफ्यांमधून फिरू लागली. तीन बाजूंनी बंद, एका बाजूनं उघड्या अशा लाकडी पडव्या, मध्ये बाग. फुलं, भाज्या, वासाच्या वनस्पती. आणि एका कोपऱ्यात दगड, विटा, डबे, लाकडाचे तुकडे यांचा मुद्दाम ठेवलेला ढीग, पोरांना हवं ते करायला. सकाळी आंघोळ, मग दूध आणि ओटची लापशी. दुपारी सकस जेवण, जेवणानंतर बुटक्या खाटल्यांवर उघड्यावरच झोप. संध्याकाळी खाऊन घरी. मुडदूस उन्हानं आणि कॉडलिव्हर ऑइलनं बरा होतो, हे शास्त्रज्ञांनी 1919 च्या सुमारास दाखवून दिलं, ‘ड’ जीवनसत्त्वाचं नाव 1922 मधलं. मार्गारेटची पोरं त्याच्या आधीपासून उन्हात खेळत होती आणि त्यांचे पाय सरळ होत होते.

शिक्षिका आणायच्या कुठून, हा प्रश्न लगेचच उभा राहिला. महायुद्ध सुरू झालं आणि हाताशी असलेल्या बायका युद्धकामाला जाऊ लागल्या. दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणाऱ्या आयांची मुलं सांभाळण्यासाठी सरकारकडून दर मुलामागं रोजचे सात पेन्स मिळू लागले, त्यामुळं मुलांची संख्या वाढली. मुली मिळत, पण कशा? साध्या शिक्षण महाविद्यालयात दोन वर्षं काढून आलेली मुलगी फळ्यासमोर उभी राहू शके, पण तीन वर्षांच्या मुलाच्या खोकल्यात तिला काही ऐकू येत नसे. नुसती दाई ठेवावी, तर मुलाच्या बोलण्यात, खेळण्यात जे उमलत असतं ते तिला दिसत नसे. मार्गारेटला या दोघी एकाच बाईत हव्या होत्या. लहान मुलांना काय, कुणीही सांभाळेल, या समजुतीचा तिला मनस्वी राग होता. सर्वांत लहान मुलांना सर्वांत जास्त शिकलेली शिक्षिका हवी, हे ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

म्हणून तिनं शिक्षणाचा क्रम उलटा केला. आधी हात, मग डोकं. नवी आलेली मुलगी काही मोजक्या मुलांची होऊन जाई. त्यांची आंघोळ, त्यांचं खाणं, झोप, बोलणं, खेळणं सगळं तिच्याकडे. रोज त्याच मुलांना न्हाऊ घातलं की कुणाच्या बरगड्या मोजता येतात, कुणाच्या अंगावर नवं पुरळ आलंय, कुणाचं पाऊल आत वळतंय हे डोळ्यांना आपोआप दिसू लागतं. मग शरीरशास्त्र, आहार, आरोग्य यांचे धडे. आता त्या धड्यांतल्या ओळींना चेहरे असत. मुलींनी वस्तीत मुलांच्या घरी जायचं, आयांशी बोलायचं, तेही उपदेश करायला नाही, तर बघायला आणि शिकायला. आणि राहायचं डेप्टफर्डमध्येच. लंडनच्या बऱ्या भागातून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्या शिक्षिकेला रात्रीचं डेप्टफर्ड कसं कळणार?

स्वतःच्या शरीराचा धडाही त्यात होता. श्वास नाकानं कसा घ्यावा, पोटातून आवाज कसा काढावा, ओरडल्याशिवाय कसं बोलावं, यावर मार्गारेटचा फार भर. लेडी म्यूच्या पैशानं शिकलेली नटीची विद्या अखेर इथं कामी आली. शिक्षिकेचा घसा बसलेला असेल, पाठ वाकलेली असेल, चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा असेल, तर मुलं तेच शिकतात. तिनं तोंडानं काहीही सांगितलं तरी. आपल्या घरात याचा अनुभव कुणाला नाही? आजोबा जेवणाआधी हात धुतात म्हणून नातू धुतो, भिंतीवरच्या तक्त्यामुळं नव्हे.

आता थोडं तिच्या विरुद्धही बोललं पाहिजे. ही बालशाळा बऱ्याच अंशी या शिकाऊ मुलींच्या श्रमावर चालत होती. एवढ्या मुलांना न्हाऊ-जेवू घालायला पगारी माणसं ठेवायची तर पैसा नव्हता. मुलींनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत राबायचं आणि त्यालाच शिक्षण म्हणायचं, ही सोय संस्थेची होती हेही खरं. विश्रांतीचं महत्त्व शिकवणाऱ्या संस्थेत विश्रांती फारशी कुणाला मिळत नव्हती. आणि सर्वांत कमी मिळत होती त्या दोघी बहिणींना.

रेचल आधीच थकलेली होती. लहान, दमट जागा, रात्रीची जागरणं, खर्चाची चिंता. त्यात हवाई हल्ल्यात राहत्या घराची पडझड झाली. दोघी कशाबशा वाचल्या. 1917 च्या 25 मार्चला रेचल गेली. तो तिचा अठ्ठावन्नावा वाढदिवस होता. आयुष्यभर इतरांना आरोग्य शिकवलेली बाई साठीही गाठू शकली नाही. मार्गारेटनं स्वतःला याबद्दल कधी माफ केलं असेल असं वाटत नाही. थोरलीला ती जवळजवळ संत मानू लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिक्षणमंत्री फिशर यांनी वाढवलेल्या बालशाळेचं उद्घाटन केलं. शाळेला नाव रेचलचं दिलं गेलं. 1927 मध्ये मार्गारेटनं रेचलचं चरित्र लिहिलं, आणि त्यात जागोजागी आपलंच काम बहिणीच्या नावावर जमा केलं. हिशेबाच्या भाषेत ही चुकीची नोंद होय. पण असल्या नोंदीला लाल शाई लावायला कुठल्याही ऑडिटरचा हात धजू नये.

एकटी राहिलेली मार्गारेट आणखी चौदा वर्षं झगडली. 1918 च्या फिशर कायद्यानं बालशाळांना सरकारी मदतीची दारं उघडली, आणि 1922 च्या काटकसरीनं ती अर्धी लावूनही घेतली. 1923 मध्ये बालशाळांची देशव्यापी संघटना निघाली, तिची पहिली अध्यक्ष मार्गारेटच. तिथंही तिचं पटेनासं झालं. बाकीच्यांना तीस-चाळीस मुलांच्या छोट्या, आटोपशीर शाळा हव्या होत्या. हिला शेकडो मुलांच्या, कारण डेप्टफर्डच्या एकेका गल्लीतच शेकड्यांनी मुलं होती. अखेर ती अध्यक्षपद सोडून बाहेर पडली. स्वभाव हट्टी, हे सगळेच सांगतात. हट्टी नसती तर ती ब्रॅडफर्डहूनच परत आली असती.

विद्यार्थिनी मात्र दूरदूरून येत राहिल्या. 1921 मध्ये बॉस्टनहून अॅबिगेल एलियट नावाची तरुणी सहा महिने डेप्टफर्डला येऊन पोरांना न्हाऊ-जेवू घालून गेली आणि 1922 मध्ये तिनं बॉस्टनच्या रगल्स स्ट्रीटवर बालशाळा उघडली. अमेरिकेतल्या पहिल्या बालशाळांमध्ये तिची गणना होते.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र काढलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं माँटेसरी आणि गिजुभाई होते. डेप्टफर्डशी त्यांचा धागा थेट जोडता येणार नाही. पण हरिजनवाड्यातली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ शाळाच वाड्याच्या अंगणात घेऊन गेल्या आणि दिवसाची सुरुवात झाडझूड, आंघोळ आणि नखं कापण्यापासून झाली. वेगळ्या वाटेनं येऊन माणसं त्याच पाणवठ्यावर पोचतात ती अशी. 1975 मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेतल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागं ते अंगण आहे.

मार्गारेटचा शेवटचा लढा तीन वर्षांसाठी होता. इंग्लंडात प्राथमिक शिक्षिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. सरकारला तेवढा पुरे वाटे. तिसऱ्या वर्षाचा खर्च कोण करणार? मार्गारेटचं म्हणणं, सवय लागायला वेळ लागतो. ज्ञान दोन वर्षांत डोक्यात भरता येईल, पण सकाळी उठल्यावर हात आपसूक कुठं जातो हे बदलायला तीन वर्षंही थोडीच. अमुक इतके धडे झाले म्हणजे शिक्षिका तयार झाली, हे तिला मान्यच नव्हतं. त्यासाठी तिला स्वतःचं महाविद्यालय हवं होतं, तेही डेप्टफर्डच्या चिखलातच, बालशाळेच्या शेजारी. मंत्री, लॉर्ड, लेडी, कारखानदार, कुणाचं दार तिनं ठोठावायचं ठेवलं नाही. साठी उलटलेली, तब्येत खंगत चाललेली बाई आपल्या त्या नटीच्या आवाजात सभागृहं गाजवत पैसे जमवत होती.

1930 च्या 8 मे रोजी क्रीक रोडवर रेचल मॅकमिलन ट्रेनिंग कॉलेजचं उद्घाटन राणी मेरीच्या हस्ते झालं. वसतिगृह, वर्ग, हाकेच्या अंतरावर बालशाळा आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा. बालशाळेच्या कामात मार्गारेटबरोबर राबलेल्या एमा स्टीव्हिन्सन पहिल्या प्राचार्या झाल्या. मार्गारेटला त्या वर्षी ‘कम्पॅनियन ऑफ ऑनर’ हा मोठा किताब मिळाला. पुरतं वर्षही गेलं नाही. 1931 च्या मार्चमध्ये, रेचल ज्या महिन्यात जन्मली आणि गेली त्याच महिन्यात, मार्गारेट वारली. तिला बहिणीच्याच कबरीत ठेवलं.

1944 च्या शिक्षण कायद्यानं शाळेतलं जेवण आणि दूध ही स्थानिक शिक्षण खात्यांची जबाबदारी झाली. ब्रॅडफर्डच्या बोर्डावर मार्गारेटनं हा विषय काढल्याला तोवर अर्धं शतक होत आलं होतं. शिक्षक-प्रशिक्षणाचं तिसरं वर्ष इंग्लंडभर लागू व्हायला 1960 साल उजाडावं लागलं. डेप्टफर्डचं कॉलेज 1970 च्या दशकात गोल्डस्मिथ्स कॉलेजात विलीन झालं. तोवर चार दशकं तिथल्या मुली, कुणी खुशीनं, कुणी नाक मुरडत, क्रीक रोडवरून सकाळी बालशाळेकडे जात राहिल्या.